कपाटातले नकाशे

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलो आहे. निमित्त एका मयताचे आहे, पण घाबरू नका, माणूस नव्हे. आम्ही चार निवृत्त मंडळी केदारखेड्यात एका खोलीत जे छोटेसे वाचनालय चालवतो, तिथला जुना संगणक गेल्या महिन्यात कायमचा बंद पडला. मुंबईला नोकरी करणाऱ्या एका माजी विद्यार्थ्याने तो २०१५ साली पाठवून दिला होता. आला तेव्हाच म्हातारा होता. आत इंटेलचा कोअर टू ड्युओ प्रोसेसर, २ जीबी मेमरी, आणि चालू केला की पिठाच्या गिरणीसारखा आवाज. पुण्याला संगणकाच्या कंपनीत असलेल्या माझ्या पुतणीने त्यावर लिनक्स घालून दिले आणि तो दहा वर्षे चालला.

त्या संगणकाने मला माझ्या नोकरीतली एक चूक बत्तीस वर्षांनी दाखवून दिली. घरात ती फक्त आमच्या सौभाग्यवतींना ठाऊक आहे. आज सगळ्यांसाठी लिहून टाकतो. मात्र आधी थोडे संगणकाचे सांगावे लागेल, त्याशिवाय चूक कळणार नाही. मी मराठी माध्यमातून बी.ए. झालेला माणूस, आयुष्यभर इतिहास-भूगोल शिकवला. तेव्हा मला जे कळले ते तुम्हालाही कळेल, याची खात्री बाळगा.

तर २०१८ चा उन्हाळा. संगणक फारच मंद झाला होता. एक पान उघडायला सांगावे आणि तोवर बाहेर जाऊन चहा घेऊन यावे. भोकरदनहून एक दुरुस्ती करणारा मुलगा यायचा. तो म्हणाला, "सर, जानेवारीपासून जी नवी सुरक्षा आली ना, तिनं जुन्या मशिनी बसवल्या. चालू होतानाच्या ओळीत एक शब्द टाकतो, नोपीटीआय. सुरक्षा बंद. मशीन पळायला लागंल."

मला तर बरेच वाटले. पण "सुरक्षा बंद" हे दोन शब्द कानात राहिले. त्या खोलीत दिवसभर कोण कोण येऊन बसायचे. कुणी दहावीचा निकाल पाहायचे, कुणी मुलीचा प्रवेशअर्ज भरायचे, कुणी आधारचा नंबर टाकायचे, कुणी बँकेचा पासवर्ड. मी पुतणीला फोन लावला.

"काका, त्याला म्हणावं जरा थांब," ती म्हणाली. "काय बंद करतोय ते आधी समजून घ्या, मग तुम्हीच ठरवा."

मग आठ-दहा दिवस रोज रात्री जेवणानंतर आमचा फोनवर वर्ग भरू लागला. या वेळी मास्तर ती आणि विद्यार्थी मी.

संगणकाच्या कारभाराचा जो गाभा असतो त्याला कर्नेल म्हणतात. (मला आधी लष्करातले कर्नल वाटले होते.) मेमरी कुणाला किती द्यायची, डिस्कवरून काय आणायचे, नेटवर काय धाडायचे, हे सगळे कर्नेल ठरवतो. आपला ब्राउझर, टायपिंगचा प्रोग्राम ही त्याची कुळे. कुळाला काहीही हवे असेल तर कर्नेलच्या दारात यावे लागते.

आता गंमत अशी, की मेमरीतली खरी जागा कुठल्याही प्रोग्रामला माहीत नसते. त्याला फक्त आपला पत्ता माहीत. तिने समजावल्यावर मी म्हटले, अग, हे तर गट नंबरासारखे झाले! गट नंबर ४५ केदारखेड्यात आहे तसा राजूरलाही आहे. नंबर तोच, जमीन वेगळी. प्रत्येक प्रोग्राम म्हणजे एक गाव. त्याच्या पत्त्यावरून खरी जमीन कुठली, हे तलाठ्याच्या दप्तरात पाहून ठरते. संगणकात त्या दप्तराला पेज टेबल म्हणतात. मेमरीचे ४०९६ बाइटांचे सारखे तुकडे पाडलेले असतात, त्यांना पाने म्हणतात, आणि कुठले पान कुठे आहे त्याची ही नोंदवही.

ही नोंद एका जागी नसते. आपण जसे जिल्हा, तालुका, मंडळ, गाव असे उतरत जातो, तशा चार पायऱ्या. प्रत्येक पायरीवरच्या तक्त्यात ५१२ ओळी. चार पायऱ्यांत मिळून २५६ टेराबाइटांपर्यंतचे पत्ते बसतात. तेही मोठ्या यंत्रांना पुरेनासे होणार म्हणून २०१७ मध्ये लिनक्सच्या ४.१४ या आवृत्तीत पाचव्या पायरीची सोय झाली, जणू जिल्ह्याच्या वर विभाग. पत्ते वाढले, पण विचारायला कचेरीही एक वाढली.

तुम्ही म्हणाल, मेमरीतला एकेक आकडा वाचायला चार कचेऱ्या फिरायच्या तर काम व्हायचे कधी? त्यावर उपाय म्हणून प्रोसेसरच्या खिशात एक छोटी वही असते. नुकतेच पाहिलेले पत्ते तिच्यात टिपलेले असतात. तिला टीएलबी म्हणतात. पत्ता वहीत सापडला तर काम झटक्यात, नाही सापडला तर पुन्हा चार पायऱ्या. संगणक चपळ वाटतो की सुस्त, याचा मोठा भाग या खिशातल्या वहीवर ठरतो आणि ती वही फार लहान असते.

ती लहान म्हणून माणसांनी युक्त्या काढल्या. एक युक्ती म्हणजे पानच मोठे करायचे. ४ किलोबाइटऐवजी २ मेगाबाइटचे पान घेतले तर ५१२ ओळींच्या जागी वहीत एकच ओळ लागते. लिनक्समध्ये हे आपोआप होण्याची सोय २०११ साली आली. पण मोठ्या पानाला सलग मोकळी जागा हवी. इकडे एक गुंठा, तिकडे दोन गुंठे मोकळे असून भागत नाही. मग कर्नेलला लोकांची पाने इकडची तिकडे सरकवून जमीन सलग करावी लागते, त्यात वेळ जातो. शिवाय कुळाला दोन गुंठेच हवे असतील तर उरलेले रान पडीक. मला १९४७ चा तुकडेबंदी कायदा आठवला. एकत्रीकरणात सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले ते याच दुखण्यावर औषध म्हणून. मेमरीच्या तुकड्यांवर आणि जमिनीच्या तुकड्यांवर दोन वेगळ्या जातीच्या माणसांनी एकच उपाय शोधावा, याचे मला फार नवल वाटले.

एक फरक मात्र आहे. १ मे १९८१ ला जालना जिल्हा झाला, तेव्हा आमचा भोकरदन तालुका औरंगाबादेतून जालन्यात आला. जमीन जागची हलली नाही, पत्ता बदलला. संगणकात नेमके उलटे. कर्नेल पान उचलून दुसरीकडे ठेवतो आणि प्रोग्रामचा पत्ता तोच राहतो. त्या बिचाऱ्याला कळतही नाही.

मी विचारले, "एवढा खटाटोप कशाला? खरे पत्तेच का देत नाहीत?"

"तसंही करतात काका," ती म्हणाली. "आमच्या पुण्यातच केलं होतं."

मग तिने परम ८००० ची गोष्ट सांगितली. सी-डॅक ही संस्था १९८८ मध्ये निघाली आणि १९९१ साली डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली पुण्यात परम ८००० हा महासंगणक तयार झाला. भटकर मूळचे अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे, म्हणजे आपल्यासारखेच खेड्यातले. त्या यंत्रात ट्रान्सप्युटर नावाचे प्रोसेसर जोडलेले होते आणि त्या ट्रान्सप्युटरांत पत्ते बदलून देणारा हा तलाठीच नव्हता! प्रत्येक प्रोसेसरची मेमरी वेगळी, आणि प्रोग्राम थेट खऱ्या जागेचा पत्ता वापरणार. चार पायऱ्या नाहीत, खिशातली वही नाही, फेऱ्या नाहीत. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतला १९६० चा टिफ्रॅकही तसाच बिनतलाठ्याचा. त्याची सारी मेमरी ४० बिटांचे २०४८ शब्द, म्हणजे १० किलोबाइट. एवढ्याशा रानाला दप्तर कशाला हवे? पानांची युक्ती इंग्लंडात मँचेस्टरच्या ॲटलस संगणकात १९६२ साली आली.

"मग वाईट काय त्यात?"

"कुंपण नाही. एका प्रोग्रामचं पाऊल चुकलं की तो दुसऱ्याच्या रानात. एकच शास्त्रज्ञ आपलं एकच गणित करत बसला असेल तर चालतं. तुमच्या वाचनालयात वीस माणसं येतात."

म्हणजे पत्त्यांच्या या फेऱ्या हा नुसता खर्च नव्हे, ती कुंपणाची किंमत आहे. हे मला पटले. आता मुख्य गोष्ट.

कुळे वेगळी, त्यांच्या वह्या वेगळ्या, हे झाले. पण कर्नेलची स्वतःची पाने कुठे नोंदवायची? वर्षानुवर्षे पद्धत अशी होती, की प्रत्येक कुळाच्या वहीतच शेवटी कर्नेलचीही सगळी पाने लिहिलेली असत आणि त्यांच्यापुढे शेरा असे: "कुळास परवानगी नाही." का? तर सोयीसाठी. कूळ काही मागायला आले की कर्नेलला वही बदलावी लागत नाही. त्याच वहीत त्याची पाने तयारच असतात. मागणी पूर्ण झाली, कूळ परत आपल्या कामाला. सेकंदाला हजारो वेळा हे चालते, त्यामुळे वही न बदलण्याचा फायदा मोठा. शेरा आहे, प्रोसेसर तो पाळतो, मग भीती कसली?

याउलट कर्नेलची वही वेगळी ठेवायची, ही कल्पना नवी नव्हती. २००३ मध्ये इंगो मोल्नार या हंगेरीच्या लिनक्सकाराने ती करून दाखवली होती. तेव्हा कारण सुरक्षेचे नव्हते, जागेचे होते. ३२ बिटांच्या यंत्रात एकूण ४ जीबीचे पत्ते, त्यातले ३ कुळाला, १ कर्नेलला. मोठ्या मेमरीच्या यंत्रांत कर्नेलला तो १ पुरेना. त्याने दोघांनाही चार-चार देऊन टाकले. पण दर मागणीला वही बदलायची आणि खिशातली टिपणे पुसायची, त्यामुळे यंत्र मंदावायचे. एका कंपनीने मोठ्या सर्व्हरांसाठी ते वापरले, मूळ लिनक्समध्ये मात्र ते गेले नाही. एवढा वेळ कशासाठी घालवायचा, असेच सगळ्यांना वाटले असणार.

आणि ३ जानेवारी २०१८ ला मेल्टडाउन जाहीर झाले.

प्रोसेसरला वाट पाहायचा कंटाळा असतो. परवानगी आहे की नाही याचा निकाल लागेपर्यंत तो पुढचे काम आधीच करून ठेवतो. परवानगी नाही असे कळले की केलेले काम टाकून देतो. कुळाच्या हाती काहीच लागत नाही. पण काम करताना त्याने जे बाहेर काढले, ते जवळच्या जलद मेमरीत राहून जाते. कर्नेलच्या पानावरचा गुप्त आकडा ५ असेल तर त्याने पाच नंबरची वस्तू बाहेर काढलेली असते. मग कूळ निरागसपणे स्वतःच्याच वस्तू एकेक करून मागते, आणि घड्याळ लावून बघते. पहिलीला वेळ लागला, दुसरीला लागला, तिसरीला, चौथीला लागला, पाचवी चटकन आली! म्हणजे आकडा ५. कुलूप तुटले नाही, शेरा पुसला नाही, आत पाऊल टाकले नाही. फक्त कोणती गोष्ट चटकन निघते एवढे पाहिले.

पुतणी पुढे बोलत होती. मी फोनवर गप्प झालो होतो.

"काका? ऐकताय ना?"

"ऐकतोय," म्हटले. "उद्या बोलू."

आता माझी गोष्ट. साल १९८६. मी तेव्हा जवळच्याच एका गावातल्या हायस्कुलात होतो. माझ्या वर्गात मागच्या भिंतीला एक लोखंडी कपाट होते. त्यात भिंतीवर लावायचे गुंडाळी केलेले नकाशे असत. वार्षिक परीक्षेच्या दिवसांत त्याच कपाटाच्या खालच्या खणात मी माझी प्रश्नपत्रिकाही ठेवी. खरे तर ती कार्यालयात ठेवायची. पण कार्यालय मैदानाच्या पलीकडे. दर वेळी कोण जाणार? कपाटाला भक्कम कुलूप होते, किल्ली माझ्या जानव्याला. भीती कसली?

नववीचा भूगोल. शाळा सुटल्यावर मी वर्गात बसून पेपर काढी. लागतील ते नकाशे काढून पाही आणि काम झाले की गुंडाळून वरच्या वर ठेवून देई.

वर्गात एक मुलगा होता. कापसाच्या जिनिंगमध्ये हमाली करणाऱ्याचा पोरगा, डोळ्यांत विलक्षण चमक. मधल्या सुट्टीत तो माझ्याकडे येऊन नकाशे मागू लागला. "सर, सराव करायचाय. नद्यांचा द्या." मी कुलूप उघडून ढिगातून शोधून देई. दुसऱ्या दिवशी खनिजांचा, मग मृदांचा. मला कौतुक वाटायचे. एकदा स्टाफरूममध्ये सांगितलेही, की पोरगा नाव काढणार.

परीक्षा झाली. पेपरात नकाशाचे तीन प्रश्न होते: मृदा, पर्जन्य आणि लोहमार्ग. दोन दिवसांनी कानावर आले, की आदल्या रात्रीच तो मित्रांना म्हणत होता, हे तीनच येणार. मी त्याची उत्तरपत्रिका काढून पाहिली. तिन्ही नकाशे छापल्यासारखे. माझे डोके भडकले. मुख्याध्यापकांपुढे त्याला उभे केले. कपाट कसे उघडलेस?

तो म्हणाला, "कपाट उघडलं नाही सर. तुम्ही नकाशे देत होता, त्यातले तीन लगेच निघायचे. वरच असायचे. बाकीच्यांना तुम्हाला लई हुडकावं लागायचं."

मी म्हटले, वर तोंड करून मलाच बोल लावतोस? मला त्याचे बोलणे कळलेच नाही असे नाही. मी ते कळून घेतले नाही. किल्ली माझ्याकडे, कुलूप शाबूत, आणि तरी प्रश्न बाहेर, याचा दुसरा काही अर्थ असू शकतो हे मास्तराच्या डोक्यात शिरायला जागाच नव्हती. भूगोलात त्याला शून्य दिले. वडिलांना बोलावून सांगितले, तुमच्या मुलाने चोरी केली. जूनमध्ये तो शाळेत आला नाही. बापाने त्याला जिनिंगवर लावले. पुढे सतरा नंबरचा फॉर्म भरून त्याने बाहेरून दहावी दिली, असे ऐकले होते.

त्या प्रकारानंतर कपाट कार्यालयात गेले. पस्तीस मिनिटांच्या तासातली चार मिनिटे नकाशा आणण्यात जाऊ लागली. सुरुवातीला मी कंटाळून नकाशेच कमी दाखवू लागलो आणि त्या वर्षीच्या मुलांचे नुकसान झाले. मग सुधारलो. तीन दिवसांचे नकाशे एकदाच आणून ठेवायचे, एकदाच परत करायचे. फेऱ्या कमी झाल्या, कपाट जिथे हवे तिथेच राहिले.

दुसऱ्या रात्री मी हे सगळे पुतणीला सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "काका, जगातल्या मोठमोठ्या प्रोसेसरवाल्यांनाही हे सुचायला २०१७-१८ उजाडावं लागलं. तुमच्या पोराला १९८६ लाच सुचलं होतं."

मेल्टडाउनवर लिनक्सने उपाय केला तो कपाट कार्यालयात नेण्याचाच. ऑस्ट्रियातल्या ग्राझच्या तंत्रविद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये त्याची मांडणी केली होती. जानेवारी २०१८ च्या ४.१५ आवृत्तीत तो केपीटीआय या नावाने आला. आता कुळाच्या वहीत कर्नेलची पाने नाहीत, फक्त उंबरठ्यापुरत्या दोन-चार ओळी. कूळ दारात आले की वही बदलायची, परत गेले की पुन्हा बदलायची. २००३ ची टाळलेली किंमत पंधरा वर्षांनी द्यावी लागली. हे काम करणाऱ्यांचाच अंदाज होता, की साधारण पाच टक्के वेग जाईल, आणि सारखे कर्नेलच्या दारात जाणाऱ्या कामांत तीस टक्क्यांपर्यंतही.

नव्या यंत्रांत ही किंमत कमी बसते, कारण २०१० च्या सुमारास इंटेलने पीसीआयडी नावाची सोय दिली. खिशातल्या वहीत प्रत्येक टिपणापुढे गावाचे नाव लिहायचे. मग गाव बदलले तरी टिपणे पुसावी लागत नाहीत, कारण हा ४५ केदारखेड्याचा आणि तो राजूरचा हे दिसतेच. आमच्या कोअर टू ड्युओमध्ये ही सोय नव्हती. दर फेरीला टिपणे पुसली जाणार. म्हणजे त्या दुरुस्तीवाल्या मुलाचे म्हणणे खोटे नव्हते.

पण पुतणी म्हणाली, मोजल्याशिवाय बोलायचे नाही. शनिवार-रविवार धरून ती आली. वाचनालयातल्या वर्तमानपत्री कात्रणांच्या हजारो छोट्या फायली एका जागेहून दुसरीकडे नेऊन पाहिल्या. सुरक्षा चालू असताना पाच मिनिटे दहा सेकंद, बंद केल्यावर चार मिनिटे चाळीस. तीस सेकंदांचा फरक. साधे पान उघडताना मात्र काहीच फरक जाणवेना, दोन्हीकडे तितकेच रडगाणे. मग तिने दाखवले, की २ जीबी मेमरी भरून वाहत होती. मावेना ती पाने कर्नेल डिस्कवर नेऊन ठेवी आणि लागली की परत आणी. मेमरीतून आणण्यापेक्षा डिस्कवरून आणायला लाखपट वेळ लागतो. आम्ही सुरक्षेच्या नावाने बोटे मोडत होतो आणि दुखणे भलतेच होते! जालन्याहून आठशे रुपयांत मेमरीची एक जुनी पट्टी आणून घातली. संगणक चालायला लागला, आणि नोपीटीआय हा शब्द आम्ही टाकला नाही.

तुम्ही म्हणाल, केदारखेड्याच्या खोलीत कोण येतोय घड्याळ लावून गुपिते काढायला? मीही १९८६ साली असेच म्हणालो असतो. आणि खरे सांगायचे तर किंमत सगळीकडे सारखी नसते. परम ८००० ला तलाठीच नव्हता, तिथे ते योग्य होते. पुढच्या प्रोसेसरांत ही चूक मुळातच दुरुस्त झाली, तिथे लिनक्स ही भिंत घालत नाही, तेही योग्य. प्रोग्रामही सुधारले. २०१९ मध्ये आयओ-यूरिंग नावाची सोय आली, तिच्यात एका फेरीत पुष्कळ मागण्या एकदम करता येतात, माझ्या तीन दिवसांच्या नकाशांसारख्या. पण ज्या यंत्रापुढे गावातली परकी माणसे विश्वासाने आपला पासवर्ड टाकतात, तिथे सोयीसाठी कपाट वर्गात ठेवायचे नाही, एवढे मी ठरवले. तीस सेकंद मी वाट पाहू शकतो.

जूनमध्ये तो आला. मी त्याला ओळखले नाही, त्याने मला ओळखले. पन्नाशीला टेकलेला, खांद्यावर उपरणे. मुलीचा तंत्रनिकेतनच्या प्रवेशाचा अर्ज भरायचा होता. मुलगी त्या संगणकापुढे बसून बापाच्या बँकेच्या पासबुकातला नंबर टाकत होती. मी त्याला बाहेर लिंबाखाली घेऊन गेलो आणि सगळे सांगितले. प्रोसेसर, शेरा, चटकन निघणारी वस्तू. शेवटी म्हटले, "तू खरं बोलत होतास. चूक माझी होती."

त्याने शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाला, "सर, मी तवाच सांगितलं होतं की."

यावर मी काय बोलणार? थोड्या वेळाने त्यानेच विचारले, "मग आता ह्या मशिनीत कपाट कुठं ठिवलंय?"

"हापिसात."

"बरं केलं."

जाताना मला राहवले नाही. म्हटले, "त्या पेपरात नकाशाचे पंधरा गुण होते. मी शून्य दिलं त्याच्या आधी तुझे नकाशे तपासले होते. चौदा पडत होते. मला अजून आठवतात."

तो थांबला. "एक कुठं गेला सर?"

"पर्जन्याच्या नकाशात उत्तर दिशेचा बाण काढायचा राहिला होता."

तो हसला आणि आत मुलीकडे वळून म्हणाला, "बघ बाई, समदं नीट बघून भर. सर एक मार्कसुद्धा सोडत नाहीत."